रोंदाचे रिंगण

शाळामास्तराला दूरच्या प्रवासाचे योग क्वचितच येतात. मात्र काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील यात्रेकरूंबरोबर मला पोर्तुगालमधील फातिमाला जाता आले, आणि तेथून स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतात चार दिवस काढता आले. बरोबरची मंडळी सेव्हिलचे भव्य कॅथेड्रल पाहण्यात गुंतली असता मी एक दिवस मोकळा करून घेतला आणि बसने रोंदा गाठले. लहानपणापासून मनात असलेली एक जागा मला पाहायची होती. ती म्हणजे तेथील वृषभयुद्धाचे रिंगण.

रोंदा हे डोंगरमाथ्यावरचे टुमदार गाव. एका खोल दरीने त्याचे दोन भाग केले आहेत, आणि १७९३ साली पुरा झालेला उंच दगडी पूल ते भाग जोडतो. पुलापासून चार पावलांवर हे रिंगण आहे. त्याचे बांधकाम १७७९ साली सुरू झाले आणि १७८५ साली ते खेळांसाठी खुले झाले. मधल्या वाळूच्या वर्तुळाचा व्यास ६६ मीटर आहे. भोवती दोन मजली कमानी, १३६ दगडी स्तंभ आणि प्रेक्षकांच्या सगळ्या बाकांवर छप्पर. एखाद्या मठाच्या आवारात असावी तशी शांतता तेथे होती. मी गेलो तेव्हा खेळ नव्हता. दुपारच्या उन्हात पिवळी वाळू तापली होती आणि पाचसात प्रवासी सावलीच्या बाजूने हिंडत होते.

हे रिंगण ज्या घोडेस्वार संघाच्या मालकीचे आहे, तो सोळाव्या शतकात राजा दुसऱ्या फिलिपच्या आज्ञेने सरदारपुत्रांना अश्वविद्या शिकविण्यासाठी स्थापन झाला. त्या काळी वळूशी झुंजणे हा सरदारांचा खेळ होता. तो घोड्यावर बसून, हाती भाला घेऊन खेळत. अठराव्या शतकात स्पेनच्या गादीवर फ्रेंच घराण्यातील राजे आले. त्यांना या खेळाची गोडी नव्हती, म्हणून सरदारही त्यातून मागे सरले, आणि सामान्य घरची माणसे पायउतार होऊन वळूसमोर उभी राहू लागली. हाती लाल कापड व तलवार घेऊन पायी लढण्याची रीत रोंदाच्या फ्रान्सिस्को रोमेरोने पाडली, असे परंपरा सांगते. त्याचा नातू पेद्रो रोमेरो १७५४ साली जन्मला आणि १८३९ साली वारला. त्याने पाच हजारांहून अधिक वळू मारले आणि स्वतःला एकदाही मोठी जखम होऊ दिली नाही, अशी त्याची ख्याती आहे. चित्रकार गोयाने त्याचे व्यक्तिचित्र काढले. त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त १९५४ साली येथे गोयाकालीन पोशाखातला खेळ सुरू झाला, आणि सप्टेंबरातल्या त्या उत्सवासाठी देशोदेशींचे लोक रोंदाला येतात.

या खेळाचा क्रम ठरलेला आहे. एका दुपारी तीन मातादोर आणि सहा वळू. वळू चारपाच वर्षांचा, साधारण पाचशे किलो वजनाचा. प्रथम घोडेस्वार भाल्याने त्याच्या मानेमागचा उंचवटा भेदतात, मग तेथेच रंगीत कागदांनी सजविलेले काटेरी दांडके रोवले जातात, आणि शेवटी मातादोर लाल कापड खेळवीत तलवारीने त्याचा वध करतो. सारे वीस मिनिटांत आटोपते. यात माणसाचे शौर्य खोटे आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. पेद्रो रोमेरोचा प्रतिस्पर्धी पेपे इल्यो १८०१ साली माद्रिदच्या रिंगणात शिंगावर गेला. २०१६ साली तेरुएल येथे व्हिक्टोर बारियो हा तरुण मातादोर हजारो प्रेक्षकांदेखत गतप्राण झाला.

आता आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असेल की या खेळाला विरोध हे आजकालच्या प्राणिमित्रांचे खूळ आहे. इतिहास तसे सांगत नाही. १ नोव्हेंबर १५६७ रोजी पोप पाचवे पायस यांनी आज्ञापत्र काढून वृषभयुद्धांना मनाई केली. जे राजे हा खेळ होऊ देतील त्यांना धर्मबहिष्कार, आणि खेळात मरेल त्याला ख्रिस्ती दफनविधी नाही, इतकी ती कडक होती. पण स्वतः दुसऱ्या फिलिपनेच ते आज्ञापत्र आपल्या राज्यात जाहीर होऊ दिले नाही. प्रजेचा हा आवडता खेळ बंद करवेना. पुढे तेरावे ग्रेगरी यांनी १५७५ साली सामान्य जनांपुरती मनाई सैल केली आणि १५९६ साली आठव्या क्लेमेंट यांनी ती जवळजवळ उठविली. एकोणतीस वर्षांत लोकाग्रह जिंकला. आज स्पेनच्या बहुतेक मोठ्या रिंगणांत मातादोरांसाठी छोटे प्रार्थनामंदिर असते. ज्या खेळाला एकदा पोपमहाशयांनी निषिद्ध ठरविले, त्याच खेळाआधी मातादोर तेथे गुडघे टेकतो. मी कॅथलिक आहे, म्हणून ही गोष्ट मला अधिक टोचते.

या वादाचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पाचव्या पायस यांना चिंता होती ती माणसाच्या जिवाची आणि आत्म्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस होवेल्यानोस या विचारवंताने प्रश्न केला की, ज्या देशातील कित्येक प्रांतांत हा खेळ क्वचितच होतो, त्याला राष्ट्रीय खेळ का म्हणावे? १८०५ साली राजा चौथ्या कार्लोसने मनाई केली, तीही टिकली नाही. नंतर दृष्टी घोड्यांकडे वळली. पूर्वी घोड्याच्या अंगावर कसलेही संरक्षण नसे. त्यांची पोटे फाटत, आणि कित्येकदा एका दुपारी वळूंपेक्षा घोडेच अधिक मरत. १९२८ साली घोड्याला जाड चिलखती झूल घालण्याची सक्ती झाली. वळूची पाळी सर्वांत शेवटी आली. कानारी बेटांनी १९९१ साली हा खेळ बंद केला. एक लाख ऐंशी हजार नागरिकांच्या सह्यांवरून कातालोनियाच्या विधिमंडळाने २०१० साली ६८ विरुद्ध ५५ मतांनी बंदीचा कायदा केला. २०१६ साली स्पेनच्या घटना न्यायालयाने तो रद्द ठरविला, तो खेळ निर्दोष आहे म्हणून नव्हे. सांस्कृतिक वारसा ठरलेल्या गोष्टीवर अशी बंदी घालण्याचा अधिकार एका प्रांताला नाही, हे त्याचे कारण होते. समुद्रापलीकडच्या स्पॅनिशभाषी मुलुखात, कोलंबियात, २०२४ साली बंदीचा कायदा झाला. म्हणजे साडेचार शतकांत करुणा आधी माणसापर्यंत, मग घोड्यापर्यंत आणि अखेर वळूपर्यंत पोचली.

समर्थकांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आमचा वळू चारपाच वर्षे मोकळ्या रानात चरतो, कत्तलखान्यातल्या जनावराच्या नशिबी ते सुख नसते. हा खेळ बंद झाला तर हा वाणच नाहीसा होईल. आम्ही वळूवर प्रेम करतो.

हे शेवटचे वाक्य मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. माझे आजोळ गोव्यातील सासष्टीचे. भातकापणी झाल्यावर तेथील उघड्या शेतांत धिरयो होत, म्हणजे बैलाची बैलाशी झुंज. तो खेळ स्पेनच्या खेळाहून वेगळा. तेथे तलवार नाही, एक बैल पळाला की झुंज संपली. माझ्या मामाचा एक बैल होता. मामा त्याला कुळीथ शिजवून घाली आणि ओढ्यावर नेऊन स्वतः घासून धुई. मी दहाएक वर्षांचा असेन. एका सणाला त्याचे शिंग मुळाशी उखडले. मी गर्दीत उभा राहून टाळ्या पिटत होतो. रात्री कंदिलाच्या उजेडात मामा हळद लावीत बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्याच रात्री त्याने पुढच्या झुंजीची तारीखही विचारून घेतली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने १९९६ साली धिरयोंवर बंदी घातली, तरी चोरून झुंजी होतच राहिल्या. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबविल्या, आणि राज्याने कायदा दुरुस्त केल्यावर २०२३ साली त्याच न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य मानली. परंपरा आणि प्राणदया यांचा तंटा आपल्या दारातही आहे. म्हणून स्पेनकडे बोट दाखविताना माझा हात जरा अडखळतो. प्रेम आणि क्रौर्य एकाच माणसात एकाच रात्री नांदू शकतात, हे मी मामाच्या गोठ्यात पाहिले आहे.

रोंदाला ज्या दरवाजातून वळू आत सोडतात, त्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. येथे येणाऱ्या वळूने त्यापूर्वी पायी उभ्या माणसाशी कधीही सामना केलेला नसावा, असा कडक दंडक आहे. कारण वळू फार लवकर शिकतो. दुसऱ्या खेपेस तो कापडावर न जाता माणसावर जाईल. त्या नियमाचा अर्थ तेथे मला पुरता उमगला. ही बरोबरीची लढाई म्हणून सांगतात, पण माणूस वर्षानुवर्षे शिकून आत येतो आणि वळूला काहीही शिकू न देता आणतात. सारी कला त्याच्या अज्ञानावर उभी आहे.

परत आल्यावर मी सातवीच्या वर्गात रिंगणाचे चित्र दाखविले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, आणि वळू जिंकला तर?”

मी त्याला खरे तेच सांगितले. मातादोर पडला, तर दुसरा मातादोर येऊन त्या वळूला मारतो. अगदी क्वचित एखाद्या असामान्य वळूला जीवदान मिळते, पण ते प्रेक्षकांनी मागायचे आणि अध्यक्षांनी द्यायचे. जिंकून घरी जाण्याची सोय त्याला नाही.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग त्याला लढाई कशाला म्हणतात?”

श्रोतेहो, पाचव्या पायस यांच्यापासून आजवरचा सारा वाद त्या एका प्रश्नात आला. वर्गात मी उत्तर दिले नाही. पण मामाच्या गोठ्यातला तो कंदील आठवला, आणि त्या दिवशी टाळ्या वाजविणारा मुलगा मीच होतो, हे मी वर्गाला सांगून टाकले.