पाणी कुणी प्यालं?

भांडण नळावर होतं, पण नळाच्या मागं कोण आहे ते दिसत नाही. जॉर्डनचा इतिहास ह्याच अंगानं वाचला पाहिजे.

हा देश बराचसा वाळवंट. १९४८ साली पॅलेस्टाइनमधून उखडलेली माणसं इथं आली. १९६७ ला पुन्हा आली. २००३ नंतर इराकी, २०११ नंतर सीरियातले लाखो. २०१२ च्या जुलैत मफ्रकजवळ झातारीची छावणी उघडली. वर्षाच्या आत लाखावर माणूस. पाणी टँकरनं. पण बहुतेक निर्वासित छावणीत नव्हतेच. ते गावाशहरांत, गरिबांच्याच वस्तीत भाड्यानं राहिले. तिथं नळ आठवड्यातून एकदा, कुठं त्याहून उशिरा. छपरावरली टाकी आटली की विकतचा टँकर. मग गावकरी म्हणू लागले, ह्यांनीच आमचं पाणी प्यालं.

साफ खोटं नाही. तोंडं वाढली, पाणी कमी पडलं. पण हिशेब पुरा मांडा.

अझ्रक घ्या. वाळवंटातला हिरवा पाणथळ टापू. १९८० नंतर तिथलं पाणी उपसून राजधानी अम्मानला नेलं. वर शेतमालकांच्या विहिरी. १९९२ पर्यंत झरे कोरडे! अझ्रकची सीरियन छावणी उघडली २०१४ ला. तिथं आलेली पोरं तर झरे आटले तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि देशभरच्या नळांत सोडलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्म्याचा पत्ताच लागत नव्हता. फुटके पाइप, चोरीच्या जोडण्या. हे पाणी कुठल्या निर्वासितानं प्यालं?

इलाज दोन तऱ्हेचे झाले. एक, लांबून आणायचं. २०१३ ला दिसीहून अम्मानपर्यंत ३२५ किलोमीटरची पाइपलाइन आली. वर्षाला १० कोटी घनमीटर पाणी. पण ते हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेलं. उपसलं की पुन्हा भरत नाही. दोन, आहे ते राखायचं. गावातले गळके पाइप बदलायचे, छपरावरलं पावसाचं पाणी हौदात धरायचं. झातारीत छावणीतच बोअर पाडल्या. २०१९ ला घरोघर नळ गेला, टँकरची वाट बघणं संपलं.

मला दुसरा इलाज मोलाचा वाटतो. निर्वासितांच्या नावानं आलेल्या पैशातून गावचा पाइप बदलला, तर पाणी दोघांच्याही टाकीत पडतं. नाहीतर दोन तहानलेले एकमेकांची गचांडी धरतात, आणि पाइप मागं सुखानं गळत राहतो.