गिलिक सक्षमता

सोळा वर्षांखालील मूल स्वतःच्या उपचाराला संमती देऊ शकते का, हे ठरवण्याची इंग्लंड व वेल्समधील कायदेशीर कसोटी. १९८० मधील एका सरकारी परिपत्रकाने डॉक्टरांना पालकांच्या संमतीविना अशा मुलींना गर्भनिरोधक देण्याची मुभा ठेवली. व्हिक्टोरिया गिलिक या आईने त्याला आव्हान दिले. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. बहुमतातील न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांच्या मते, उपचार पुरता उमजण्याइतकी समज आली की निर्णय मुलाचा. वयाऐवजी समज हा निकष मानला गेला, हे या निकालाचे खरे मोल.

लसीकरणात ही कसोटी शाळेतच लागते. ह्युमन पॅपिलोमा विषाणूवरील ‘एचपीव्ही’ लस साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी देतात (मुलींना २००८ पासून, मुलांना २०१९ पासून). पालकांचे संमतिपत्र प्रथम मागवतात. ते न आल्यास परिचारिका मुलाशी बोलते: लस कशासाठी, त्रास काय होऊ शकतो, न घेतल्यास काय. या संभाषणाला घाई चालत नाही. मुलाच्या नकाराला मात्र इतके बळ नाही. गंभीर प्रकरणी न्यायालय तो डावलू शकते. होकार मोजायचा आणि नकार नाही, ही विसंगती खटकणारी आहे.