दंडावरची पट्टी

रक्त काढून घेण्याचा अनुभव इथं सगळ्यांनाच आहे. माझ्या वयात तर तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो! दंडावर पट्टी आवळतात, मूठ मिटायला सांगतात आणि कोपराच्या खोबणीत शीर वर येते. आता मला सांगा, शीर पट्टीच्या खालीच का फुगते? वर का नाही?

युरोपातले न्हावी शेकडो वर्षं अशीच पट्टी बांधून रक्तमोक्षण करीत. कुठं टोचायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण गेलनची शिकवण अशी, की रक्त यकृतात तयार होतं आणि शिरांतून अवयवांकडे जातं. तसं असेल तर ते पट्टीच्या वर, खांद्याकडे तुंबायला हवं! पाडुआच्या फाब्रिसियसनं १६०३ साली शिरांमधल्या झडपांवर पुस्तक काढलं. पण त्यालाही त्या हाताकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग आवरणाऱ्या वाटल्या.

त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. १६२८ च्या ग्रंथात त्यानं दोन तऱ्हेच्या पट्ट्यांचा प्रयोग मांडला. करकचून बांधली तर मनगटाची नाडी थांबते, हात गार पडू लागतो, शीर फुगत नाहीच. जरा सैल केली, की खोलवरच्या धमनीतून रक्त हातात येतं, वरवरच्या शिरेतून परतू शकत नाही, आणि शीर तट्ट होते. म्हणजे शिरांतलं रक्त हृदयाकडे जातं.

प्रयोगशाळेतली मुलगी आजही नाडी लागेल इतपतच पट्टी आवळते, मिनिटाच्या आत सोडते. सुई त्यानंतर काढते. एकदा माझी पट्टी सुई निघेपर्यंत तशीच राहिली. आठवडाभर काळानिळा हात बाहीत लपवून हिंडत होतो.