तार, टेलिटाइप आणि हरवलेलं लॉगिन

आपल्यापैकी बरेच जण दिवसातून दहा वेळा कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर लॉगिन करत असतील. पण काळ्या पडद्यावर 'लॉगिन:' हा शब्द नेमका कोण छापतं, असा प्रश्न कधी पडलाय? (परीक्षेत विचारत नाहीत, त्यामुळे पडत नाही!) उत्तर शोधत गेलं की माणूस थेट तारखात्यात जाऊन पोचतो. आणि हे उत्तर ठाऊक असल्यामुळे दिग्रसच्या एका पतसंस्थेचा डेटा वाचला, म्हणून हा वीकेंडचा लेखप्रपंच.

आपल्याकडे तारेची पहिली प्रायोगिक लाईन १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पडली. १८५५ पासून सामान्य लोकांना तार करता येऊ लागली आणि २०१३ च्या जुलैमध्ये ही सेवा बंद झाली. मधल्या काळात तारेला टाइपरायटर जोडला गेला. इकडे टाइप केलं की तिकडे आपोआप छापलं जायचं. हाच टेलिप्रिंटर, उर्फ टेलिटाइप. एमिल बोदो या फ्रेंच तारवाल्याने १८७० च्या दशकात त्यासाठीचा पाच खुणांचा कोड बनवला. आपण मोडेमच्या वेगाला 'बॉड' म्हणतो ना, ते त्याच्याच नावावरून.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसायला त्यांच्याकडे हीच मशीन्स होती. त्यातलं मॉडेल ३३ म्हणजे खडखडाट करत सेकंदाला दहा अक्षरं छापणारं धूड, आणि तीही फक्त कॅपिटल! युनिक्समध्ये टेलिटाइपचं झालं 'टीटीवाय', आणि लिनक्समध्ये प्रत्येक टर्मिनलला आजही तेच नाव आहे.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरला वायरच्या पलीकडच्या टोकाला काय आहे ते दिसत नाही. मशीन कुठलं, त्याचा वेग किती, माणूस समोर बसलाय की जेवायला गेलाय, काहीच माहीत नाही. म्हणून प्रत्येक वायरीवर एक छोटा प्रोग्रॅम राखणीला बसवला. त्याचं नाव गेट्टी, म्हणजे 'गेट टीटीवाय'. हा लाईन उघडतो, वेग ठरवतो, 'लॉगिन:' छापतो आणि वाट बघत बसतो. पूर्वी पडद्यावर कचरा अक्षरं आली की ब्रेक हे बटण दाबायचे, मग गेट्टी पुढचा वेग लावून बघायचा. तुम्ही नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप केलंत, तर 'या बिचाऱ्याकडे जुनं मशीन दिसतंय' असं समजून तो पुढचं सगळं कॅपिटलमध्ये छापायचा. :-)

नाव मिळालं की गेट्टी 'लॉगिन' या प्रोग्रॅमचं सोंग घेतो, पासवर्ड जुळला की शेलचं. प्रोसेस एकच, वेश तीन. अगदी आपल्याकडच्या बहुरूप्यासारखं. तुम्ही लॉगआउट केलंत की ती प्रोसेस मरते आणि 'इनिट' हा सगळ्या प्रोसेसचा मूळपुरुष तिथे नवा गेट्टी जन्माला घालतो. कोणत्या लाईनवर कुणाला बसवायचं याची यादी 'इनिटटॅब' नावाच्या फाईलमध्ये असते, आणि त्यात या पुनर्जन्माला 'रीस्पॉन' हाच शब्द आहे.

आपल्याकडे हे सगळं बँकांमधून आलं. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांचं संगणकीकरण सुरू झालं. पुढे कितीतरी शाखांत एक युनिक्स सर्व्हर आणि सीरियल वायरींनी जोडलेली चार-सहा मुकी टर्मिनल्स असा संसार उभा राहिला. एखाद्या काउंटरवर लॉगिन दिसेनासं झालं, तर एससीओ युनिक्सवर 'एनेबल' ही कमांड देऊन त्या लाईनवर पुन्हा गेट्टी बसवायचा. सर्व्हरला कुणी हातही लावायचं नाही.

आता दिग्रस. कापसाचा पट्टा, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नात्यातले एक काका तिथल्या एका छोट्या पतसंस्थेचं काम बघतात. त्यांच्याकडे सेंटओएस ५ चा एक जुना सर्व्हर, कुठल्याशा सर्व्हर रूममधून सेकंडहँड आलेला. नव्या सॉफ्टवेअरसाठी खातेदारांचा डेटा काढायला कुणी गेलं, तर मॉनिटर काळा. बूट होताना दोन ओळी दिसायच्या, मग काही नाही. 'सर्व्हर मेला, डिस्क फॉरमॅट करून नवीन सिस्टीम टाका' असा सल्ला मिळाला. शेतकऱ्यांच्या ठेवींचा अनेक वर्षांचा हिशेब त्याच डिस्कवर, आणि बॅकअपची सीडी उघडत नव्हती.

मी गेलो तेव्हा काउंटरवर पासबुकं छापणं चालूच होतं! म्हणजे मशीन जिवंत, फक्त दारावर कुणी नाही. ऑल्ट आणि एफ-वन ते एफ-सिक्स, सगळीकडे नुसता अंधार. मग आठवलं, सर्व्हर रूममधल्या मशीनला मॉनिटर नसतो. त्याचं कन्सोल सीरियल पोर्टवर वळवलेलं असतं, मागच्या नऊ पिनांच्या खोबणीत. नल-मोडेम केबल आणि यूएसबीचा जोड लावला, वेग ९६०० ठेवला आणि एंटर दाबलं. 'लॉगिन:' हजर! इतकी वर्षं ते तिथेच छापलं जात होतं, वाचायला कुणी नव्हतं. पासवर्ड रजिस्टरच्या शेवटच्या पानावर होता. आधी सगळा डेटा कॉपी केला. इनिटटॅबमध्ये मॉनिटरच्या सहाही ओळींपुढे कुणीतरी '#' टाकून ठेवलं होतं. एका ओळीचं काढलं, 'इनिट क्यू' दिलं, आणि रीबूट न करता मॉनिटरवर लॉगिन आलं.

काका म्हणाले, "म्हंजे मेलं नोतंच म्हना ना भाऊ!"

मुद्दा एवढाच. लॉगिन न दिसणं म्हणजे मशीन मरणं नव्हे. 'लॉगिन:' हा सर्व्हरचा श्वास नाही, तो दारावरच्या राखणदाराचा आवाज आहे. तो ऐकू येत नसेल तर फॉरमॅटची सीडी शोधण्याआधी तीन प्रश्न विचारा. मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का? कन्सोल कुठल्या लाईनवर वळवलंय? आणि या लाईनवर गेट्टी बसवलाय का?

२०१० मध्ये सिस्टमडी आलं आणि हळूहळू इनिटटॅब इतिहासजमा झाली. गेट्टी मात्र टिकला. घरी उबुंटू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ-थ्री दाबून बघा. लॉगिनच्या वरच्या ओळीत टीटीवाय-थ्री असं दिसेल. तारा गेल्या, टेलिटाइप भंगारात गेले, पण त्यांचं नाव घेऊन तो अजून बसलाय, कुणीतरी काहीतरी टाइप करेल म्हणून.