अणुहल्ल्याची तयारी आणि पत्र्याची घरं

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत-पाकिस्तान तणाव टोकाला गेला होता आणि दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं आहेत, याची आठवण टीव्हीवाले रोज करून देत होते. ड्रिलच्या यादीत महाराष्ट्रातली १६ ठिकाणं होती. मुंबई, उरण, तारापूर, मनमाड, भुसावळ वगैरे. मराठवाड्यातलं एकच नाव होतं, छत्रपती संभाजीनगर. भोंगा आपल्यापासून साठेक किलोमीटरवर वाजला. जालन्याने तो मोबाईलवर ऐकला.

शत्रू कुठे मारा करेल या हिशेबाने पाहिलं तर ही यादी चुकीची नाही, हे आम्ही मान्य करतो. अणुवीज केंद्र, बंदर, रेल्वे जंक्शन आधी येणारच. पण अणुस्फोटानंतर उडणारी किरणोत्सारी धूळ जिल्ह्याची हद्द पाहत नाही, वारा नेईल तिकडे जाते.

यावर आपलेच काही तरुण साथी म्हणतात, “बॉम्ब जात बघत नाही. पडला तर सगळेच मरतील, मग यात आंबेडकरी चळवळीने काय बोलायचं?” स्फोटाच्या केंद्राजवळ हे खरं आहे. तिथे कोणी वाचत नाही. पण केंद्रापासून दूर, म्हणजे जालन्यासारख्या ठिकाणी, कोण वाचणार हे भिंत, पाणी आणि वेळेवर मिळालेली माहिती या गोष्टी ठरवतात. आणि या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात जातीप्रमाणे वाटलेल्या आहेत.

थोडं शास्त्र समजून घेऊ. स्फोटानंतरचा किरणोत्सार सुरुवातीला भयंकर असतो आणि झपाट्याने उतरतो. साधा हिशेब असा की वेळ सातपट झाली की मारा साधारण दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासात जेवढा, त्याच्या एक दशांश सात तासांनी आणि एक शतांश सुमारे दोन दिवसांनी. म्हणून जगभरचा सल्ला एकच आहे : जाड भिंतीच्या आत जा, मधल्या खोलीत थांबा, किमान चोवीस तास बाहेर पडू नका, अंगावरचे वरचे कपडे काढून टाका, अंग धुवा, झाकलेलंच पाणी प्या. स्वित्झर्लंडने १९६३ साली कायदा करून नागरिकांसाठी तळघरातले निवारे बांधायला घेतले. आपल्याकडे नागपूरला नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ पासून होती, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली अणु आपत्तीविषयी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. (१९७४ च्या पोखरण चाचणीला ‘हसरा बुद्ध’ म्हणणाऱ्या आणि १९९८ ची चाचणी नेमकी बुद्धपौर्णिमेला करणाऱ्या देशाकडून एवढी तरी अपेक्षा होतीच. त्या नावाबद्दलचा आमचा राग वेगळ्या लेखात.)

सगळ्या सल्ल्याचं सार म्हणजे ‘घरात थांबा’. पण कोणत्या घरात? पत्रा किरणोत्सार अडवत नाही. त्याला जाड वीट, काँक्रीट किंवा माती लागते. दोन दिवसांचं झाकलेलं पाणी साठवायचं तर आधी ते नळाला यावं लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या मागे धावलेल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

‘जिथे आहात तिथेच थांबा’ या आदेशाचा अर्थ जालन्याने २०२० साली पाहिला आहे. टाळेबंदीत इथल्या स्टील उद्योगातलं काम थांबलं. मध्य प्रदेशातले वीस मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावरच झोपलेले असताना मालगाडी वरून गेली आणि १६ जण मेले. रुळांवर पडलेल्या भाकरी-पोळ्यांचे फोटो देशाने पाहिले, हळहळला आणि विसरला. ते रुळावर का झोपले, असं विचारणारे बरेच भेटले. ज्या ठिकाणी ‘थांबा’ म्हटलं होतं तिथे त्यांचं काय होतं, हे कोणी विचारलं नाही. मजुरी, रेशन, भाड्याची खोली, काहीच हातात नसताना माणूस थांबणार कुठे?

नेमका हा प्रश्न बाबासाहेबांनी कायद्यात आणला होता. आपल्याकडे यावर फार कमी बोललं जातं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते, डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर पडले. शहरं सोडून लोक पळत होते आणि युद्धासाठी कारखाने चालू राहणं सरकारला हवं होतं. मजुराने बॉम्बच्या छायेत यंत्रापाशी उभं राहायचं असेल, तर त्याच्या जखमेची, मरणाची किंमत कोण देणार? बाबासाहेबांच्या खात्याने १९४३ साली युद्धजन्य इजा भरपाई विमा कायदा आणला. कारखाने, खाणी, मोठी बंदरं, चहा-कॉफीचे मळे यांतल्या मजुराला शत्रूच्या हल्ल्यात इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, आणि त्यासाठी विमा उतरवणं मालकावर सक्तीचं. भोंगा वाजवणं म्हणजेच संरक्षण, असं मानणाऱ्या आजच्या व्यवस्थेने तो कायदा उघडून वाचावा.

स्वतंत्र भारतात उलट घडलं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या मराठवाड्यातला. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुनर्वसनात जी घरं मिळाली त्यांचं माप आधीच्या जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. कागदावर जात कुठेच नाही. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे समाजशास्त्राची पदवी नसलेला माणूसही सांगेल. भूकंपाने पाडलेली उतरंड सरकारने सिमेंटमध्ये पुन्हा बांधली.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६१ ने मदत आणि भरपाईत लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभावाला बंदी केली आहे. याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा बंधनकारक आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. युद्ध होवो न होवो, ही कागदपत्रं आपल्या हक्काची आहेत. माहिती अधिकारात जालन्याचा आराखडा मागवू या आणि आठही तालुक्यांत वस्ती घेऊन बसून वाचू या. त्यात बौद्ध आणि मातंग वस्त्या, पारधी पालं, वीटभट्ट्या, एमआयडीसीतल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्या मोजल्या आहेत का? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे राहिलेले म्हातारे आणि पोरं कोणाच्या यादीत आहेत? गावात जाड भिंतींची पक्की इमारत म्हणजे शाळा, ग्रामपंचायत नाहीतर मंदिर. तिची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते आणि ती आपल्या वस्तीसाठी कोण उघडणार, हे त्या आराखड्यात नावानिशी लिहून घ्यायचं आहे.