उसनी धावपट्टी

बंगळुरात चार मराठी माणसे एकत्र आली, की बोलणे शहाजीराजांपर्यंत गेल्यावाचून राहत नाही. सतराव्या शतकात हे शहर राजांच्या जहागिरीत होते, याचा आम्हां नोकरीनिमित्त परमुलखात येऊन पडलेल्यांस मोठाच आधार वाटतो. तथापि या गावाशी आपला आणखी एक धागा आहे. तो कानशीचा आणि लेथयंत्राचा आहे, आणि त्याची आठवण आपल्या बैठकींत सहसा निघत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच धागा धरून एका वेगळ्याच विषयाकडे वाचकांस नेऊ इच्छितो. तो विषय म्हणजे हौशी मोटारशर्यती, आणि त्या शर्यतींसाठी घरच्या घरी गाड्या बांधणारी माणसे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८३ साली पुरे झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, खानदेश व पुणे या भागांत उमेदवारी केली, आणि खडकवासल्याच्या धरणास आपल्या कल्पनेची स्वयंचलित दारे बसविली. म्हैसूरची दिवाणगिरी सोडल्यावर, १९३० नंतरच्या दशकात, या वृद्ध अभियंत्याने हिंदुस्थानात मोटारी बनविण्याच्या कारखान्याची योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद या खटपटीत त्यांच्यासोबत होते. कारखाना म्हैसूर संस्थानात उभारावा असा यत्न झाला. तो सिद्धीस गेला नाही. वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईस काढली. मात्र त्याआधीच, १९४० च्या डिसेंबरात, म्हैसूर सरकारच्या साहाय्याने त्यांनी बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली होती. मोटार मुंबईकडे राहिली आणि विमान बंगळुराकडे आले.

विमानामागून इतर कारखाने आले. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ साली, मोटारींचे स्पार्क प्लग व इंधनाचे पंप करणारी मायको १९५१ साली, हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली. ज्या शहरात इतक्या जणांस मिलिमीटरच्या शतांशाची किंमत कळते, तेथे घराघरांतील पोरांस यंत्र उघडून पाहण्याची खोड लागली, तर त्यात नवल ते काय? पुढची सारी हकीकत या खोडीचीच आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. मोटारशर्यतींचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील 'ड्रॅग' शर्यत दिसावयास सर्वांत सोपी. सरळ पट्टी, दोन गाड्या, उभ्या स्थितीतून सुटावयाचे आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर, आधी कापावयाचे. वळण नाही, डावपेच नाही. सारा निकाल दहा-पंधरा सेकंदांत लागतो. परंतु त्या सेकंदांमागे महिनोन्महिन्यांचे काम असते. इंजिनाची शक्ती वाढविणे हा त्यातील एक भाग. गाडीचे वजन उतरविणे हा दुसरा. आणि ती शक्ती चाकांनी जागच्या जागी फिरून वाया न दवडता रस्त्यास पोहोचविणे हा तिसरा व सर्वांत कठीण. म्हणूनच ही शर्यत चालविणाऱ्याची जितकी, तितकीच गाडी बांधणाऱ्याची असते.

हा खेळ वाढला अमेरिकेत, आणि वाढला तो उसन्या जागेवर. दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे पत्रे काढून, इंजिने बदलून त्या भर रस्त्यात पळवू लागले. अपघात झाले, वृत्तपत्रांनी ओरड केली, पोलिसांनी धरपकड केली. तेव्हा १९५० साली सँटा अॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकीट लावून शर्यती भरविण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली. पोरांस रस्त्यावरून उठवून धावपट्टीवर आणावयाचे हा तिचा उघड हेतू होता. संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली, आणि तीही विमानतळावरच. पोरांच्या खोडीला नियम मिळाले, शिरस्त्राण मिळाले, गाडीची तपासणी करणारा पंच मिळाला. खोडीचा खेळ झाला आणि खेळातून पुढे सुट्या भागांचा मोठा व्यापार उभा राहिला.

आपल्याकडेही शर्यती प्रथम रुजल्या त्या विमानांच्या जुन्या धावपट्ट्यांवर. कलकत्त्याजवळ बराकपूर, मुंबईस जुहू आणि मद्रासजवळ शोलावरम ही त्यांतील प्रसिद्ध नावे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि युद्धकाळातील शोलावरमची धावपट्टी पुढली कित्येक दशके दक्षिणेतील शर्यतींचे माहेरघर ठरली. बंगळुरातील हौशी मंडळी गाड्या घेऊन तेथे जात. येथे अग्रमच्या लष्करी मैदानावरही शर्यती होत. भाड्याच्या नाट्यगृहात, उसन्या पडद्यांवर, कचेरी सुटल्यावर तालमी करून नाटक उभे करणाऱ्या आपल्या हौशी मंडळ्या वाचकांनी डोळ्यांपुढे आणाव्यात, म्हणजे या मंडळींचा संसार सहज ध्यानात येईल.

गाडी बांधण्यावाचून त्यांस गत्यंतरही नव्हते. परदेशी शर्यती गाडी मागवावी तर परकीय चलन नाही, परवाना नाही, आणि जकात आवाक्याबाहेर. देशात मिळत त्या गाड्या तीन: अॅम्बॅसडर, फियाट आणि १९६१ पासून मद्रासेत बनू लागलेली स्टँडर्ड हेराल्ड. हेराल्डचा सांगाडा वरच्या पत्र्यापासून वेगळा होता, तेव्हा पत्रा उतरवून त्याच सांगाड्यावर हलकी गाडी रचणे शक्य होते. फियाटचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. त्याचे डोके घासून दाब वाढवावयाचा, झडपांच्या वाटा कानशीने गुळगुळीत करावयाच्या, एकाऐवजी दोन कार्बुरेटर बसवावयाचे, आसने आणि गालिचे काढून टाकावयाचे, हा नित्याचा पाठ होता. आवश्यक तो भाग जे. सी. रस्त्यावरील दुकानांत नसला, तर शिवाजीनगरच्या गुजरीत, जुन्या भंगाराच्या ढिगात, हुडकावयाचा. तेथेही न मिळाल्यास ओळखीच्या लेथवाल्याकडून घडवून घ्यावयाचा. अभाव हाच त्यांचा गुरू होता. आमच्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी शर्यतीसाठी नव्हे, तर सामान्य कुटुंबासाठी 'मीरा' ही छोटी मोटार १९४९ च्या सुमारास स्वतःच्या हिमतीवर घडविली, तीही याच गुरूच्या शाळेत.

या काळाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बंगळुरातील सिपानी यांच्या कारखान्याने प्रथम 'बादल' नावाची तीन चाकांची गाडी काढली, आणि १९८२ साली 'डॉल्फिन' ही चार चाकांची. ती इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीवरून घेतली होती. इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, अंग फायबरग्लासचे. गिऱ्हाइकास ती आवडली नाही. दोनच दारे, आणि पत्र्याऐवजी फायबरग्लास! त्यात १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि डॉल्फिनचे भवितव्य ठरून गेले. परंतु ज्या हलकेपणास गिऱ्हाईक नाक मुरडत होते, त्याच हलकेपणासाठी शर्यतवाल्यांनी तिला उचलून धरले. अॅम्बॅसडरच्या निम्म्याच्या आसपास वजन असलेली ही गाडी शर्यतींत व रॅलींत आपल्याहून बलवान गाड्यांस मागे टाकू लागली. बाजारात हरलेली गाडी धावपट्टीवर जिंकली.

याच सुमारास कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी घरबांधणीच्या या विद्येस शिस्त लावली. मारुतीचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन त्यांनी एका आसनाच्या शर्यती गाड्या घडविल्या, आणि एकसारख्या गाड्यांची 'फॉर्म्युला मारुती' ही स्पर्धा चालू केली. पैसा कोणाचा अधिक, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि हात कोणाचा चांगला, हा पुढे आला. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने आरंभीचे धडे याच गाडीत गिरविले. करिवर्धन १९९५ साली विमान-अपघातात गेले. कोइमतूरची धावपट्टी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. मद्रासवाल्यांनीही १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःची पक्की धावपट्टी केली. बंगळुरास मात्र त्या तोडीची, शर्यतींसाठीच राखलेली धावपट्टी लाभली नाही. अलीकडे जक्कूरच्या विमानतळावर आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत ड्रॅग शर्यती झाल्या, त्याही विमानांच्या पट्टीवर, दोन दिवसांच्या उसनवारीने.

या खोडीतून देशास काय मिळाले, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर बंगळुरातच आहे. येथील चेतन मैनी हे तरुण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकत असता, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या सौरशक्तीच्या शर्यती गाडीच्या चमूत होते. त्या गाडीने १९९० साली अमेरिकेतील सौरगाड्यांची स्पर्धा जिंकली आणि ऑस्ट्रेलियातील जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला. मैनी स्वदेशी परतले आणि २००१ साली बंगळुरातून 'रेवा' ही विजेवर चालणारी छोटी मोटार बाजारात आली. विजेच्या मोटारींची चर्चा घरोघर होऊ लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दुसरे उत्तर महाविद्यालयांच्या कार्यशाळांत आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यती गाडी आखावी, बांधावी व चालवावी अशी स्पर्धा अमेरिकेत १९८१ पासून चालत आली आहे. बंगळुरातील आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'अश्व' हा चमू २००३ साली उभा राहिला. आता देशभरचे चमू दरवर्षी कोइमतुरास भरणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'मध्ये उतरतात. तेथे एक परीक्षा उभ्या स्थितीतून सुटून ७५ मीटर कापण्याची असते. ती आमची जुनी ड्रॅग शर्यतच होय. पेट्रोलच्या इंजिनास हवा घ्यावयाची ती २० मिलिमीटरच्या छिद्रातून, आणि विजेच्या गाडीने शक्ती काढावयाची ती ८० किलोवॉटच्या आत. शिवाय गाडीचा प्रत्येक खिळा का व कितीचा, याचा जबाब परीक्षकांपुढे द्यावा लागतो. आम्हां कारकुनांस ही स्पर्धा आपलीशी वाटावी, असा तिचा हिशेब चोख आहे.

आमच्या वसाहतीत एका मराठी सहकाऱ्याचा मुलगा राहतो. दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री त्याच्या वडिलांस पोलीस चौकीवरून बोलावणे आले, आणि सोबतीला म्हणून आम्हीही गेलो. बाह्य वळणरस्त्यावर पैज लागली होती. आमचा मुलगा धड होता. त्याच्या मित्राचा पाय मांडीत मोडला होता. वडील बाकावर बसून होते, ते मुलाकडे पाहीनात. पुढे तोच मुलगा महाविद्यालयाच्या चमूत शिरला. गेल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा नखांत काळे वंगण होते. "काका, यंदा अडीच किलो कमी केले," एवढेच तो म्हणाला, आणि कोठून किती ग्रॅम काढले ते चकलीचे तुकडे मांडून त्याने तासभर आम्हांस समजावले. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. मुलगा तोच, खोडही तीच. मधल्या काळात त्याला फक्त जागा मिळाली होती.

आणि येथेच आम्हां सरकारी नोकरांचा या इतिहासाशी संबंध पोहोचतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदलेल्या गाडीच्या मूळ घडणीत परवानगीवाचून बदल करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकच स्पष्ट केले. कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावण्यास शिक्षा सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने ती पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी झाली. दोन्ही कलमे रास्त आहेत. रस्ता हा दूधवाल्याचा, शाळेच्या मुलांचा आणि रात्रपाळीहून परतणाऱ्याचाही आहे. परंतु कलम १८९ नीट वाचावे. ते शर्यतीस सरसकट बंदी घालीत नाही. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत नको, असे म्हणते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी भिंतीत एक दार ठेवले आहे. त्या दारावर अर्ज येतो, टिप्पणी लिहिली जाते, फाईल वर चढते. आणि ती कोणातरी आमच्यासारख्याच्या मेजावर थांबते.

घरी बांधलेल्या शर्यती गाडीस रस्त्यावर कायदेशीर जीवन नाही, आणि ते असूही नये. तिचे आयुष्य असेल तर ते धावपट्टीवरच. या शहराने पोरांच्या हातांत कानस दिली, कारखाने दिले, महाविद्यालये दिली. पाव मैलाची सरळ पट्टी तेवढी अजून उसनी आहे. अमेरिकेत ओस धावपट्टीवर शर्यतीस होकार देणाऱ्यांची नावे फारशी कोणी लक्षात ठेवलेली नाहीत. तरी त्यांच्या एका होकाराने किती घरांतील मध्यरात्रीचे बोलावणे टळले असेल, याचा अंदाज, त्या रात्री चौकीवरच्या बाकावर बसल्यामुळे, आम्हांस थोडाबहुत करता येतो.