अंतर्गत उद्योजकता : उद्दिष्टनिश्चिती

जम बसलेल्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्याच कल्पनांतून नवी उत्पादने, सेवा वा व्यवसाय उभे राहावेत यासाठी आखलेल्या कार्यक्रमातून काय साधायचे, किती मुदतीत आणि ते कशाने मोजायचे, हे ठरवण्याची प्रक्रिया. गिफर्ड पिंचो यांच्या ‘इंट्राप्रेन्युअरिंग’ (१९८५) या पुस्तकाने या संकल्पनेला नाव मिळवून दिले. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे.

या विषयात वारंवार दिले जाणारे उदाहरण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील थ्रीएम कंपनीचे. कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांच्या कारकिर्दीत तेथे संशोधकांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा मिळाली. पुढे कंपनीने तिच्या जोडीला आकडा ठेवला : विक्रीचा २५ टक्के भाग गेल्या पाच वर्षांतील उत्पादनांतून यावा. १९९०च्या दशकात तो चार वर्षे आणि ३० टक्के असा कडक झाला. या रचनेचे मर्म असे की, वेळेची मुभा संशोधकाला होती, आकड्याचा जाब विभागप्रमुखाला द्यावा लागे. दोन्ही ओझी एकाच्याच डोक्यावर दिली की कार्यक्रम सहसा कागदावर उरतो.

मुदतीचा प्रश्न अधिक अवघड. थ्रीएमचेच संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना हलके चिकटणारा पदार्थ १९६८ मध्ये गवसला, त्यांचे सहकारी आर्थर फ्राय यांना त्याचा उपयोग १९७४ मध्ये सुचला आणि ‘पोस्ट-इट’ चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीस आल्या त्या १९८० मध्ये. वार्षिक नफ्याच्या उद्दिष्टात हे उत्पादन तगले नसते. मापाच्या अशा जाचाचे उदाहरणही थ्रीएमचेच. जनरल इलेक्ट्रिकमधून आलेले जेम्स मॅकनर्नी २००१ ते २००५ या काळात थ्रीएमचे प्रमुख होते. त्यांनी दोष व खर्च घटवणारी ‘सिक्स सिग्मा’ पद्धत प्रयोगशाळांतही नेली. कारखान्यात ती उपयोगी, शोधकार्यात जाचक. नंतरचे प्रमुख जॉर्ज बक्ली यांनी संशोधकांवरील ही बंधने सैल केली.

विक्रीतील वाट्याच्या मापात पळवाटही असते. जुन्याच मालाचा रंग वा वेष्टन बदलून तो ‘नवा’ म्हणून दाखवता येतो. म्हणून ‘नवे’ कशाला म्हणायचे, हे आकड्याआधी ठरवावे लागते. आलेल्या कल्पनांची संख्या हे माप तर सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी. सुरुवातीच्या टप्प्यात ग्राहकांसमोर किती कल्पना तपासल्या व किती वेळीच सोडल्या, हे पाहणे अधिक योग्य. महसुलाची अपेक्षा त्यानंतरची.

अपयशाचीही नोंद व्हावी, या हेतूने काही कंपन्यांनी वेगळी सोय केली आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ उपक्रमात फसलेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो.